मोठ्या टेबलावरची आठवी खुर्ची

४ सप्टेंबर

आत्याबाई,

बातमी आधी, ख्यालीखुशाली मागून. मोठ्या काकांचं पत्र आलंय. टाइप केलेलं, खाली सही. लिहितात, "तू आता कमावती झालीस. तेव्हा यंदा बाबांच्या वाढदिवसाला तुझी जागा मोठ्या टेबलावर." (बाबा म्हणजे आजोबा.)

मी ते तीनदा वाचलं आणि मग खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. तिला त्यात काय एवढं ते कळेना. त्यांच्याकडे म्हणे सगळे एकाच टेबलाशी जेवतात. "मग आपण मोठे झालो हे कळतं कसं?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "आमच्याकडे अजून कोणाला कळलेलं नाही."

बावीस वर्षांची झाले तरी मी स्वयंपाकघराच्या दाराशी त्या बुटक्या टेबलाला गुडघे आपटत, प्लॅस्टिकच्या पेल्यातून पाणी पीत होते. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने माझ्या मांडीवर आख्खं सूप ओतलं आणि वर "तू मोठी आहेस ना, रडू नकोस" असंही ऐकवलं. त्याचा सूड आता उगवला.

नोकरी छान आहे. आई सगळ्यांना सांगते की ठमी "गुणवत्ता विभागात" आहे. म्हणजे काय ते तुला खरं सांगते. सकाळी आठला पांढरा कोट चढवायचा आणि खेळण्यांशी खेळायचं. चावीचं बदक सरळ चालतं की नाही बघायचं. मोटार टेबलावरून दहा वेळा पाडायची. अस्वलाच्या डोळ्याला वजन टांगून दहापर्यंत मोजायचं. डोळा निघाला तर उद्या एखादं बाळ तो गिळेल, म्हणून आख्खी पेटी नापास. नाही निघाला तर पेटीवर "तपासले" असा माझा शिक्का. माझा नंबर चौदा आहे.

आता कामाचं विचारते. मोठ्या टेबलावर बोलतात काय? दुसऱ्यांदा हवं असेल तर मागायचं, की कोणी वाढेपर्यंत थांबायचं? आणि मी तिकडे गेले की तुला एकटीला कंटाळा येईल का ग? गेल्या वर्षी आपण दोघी तरी होतो.

तुझी कमावती,
ठमी


११ सप्टेंबर

प्रिय ठमे,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. बाबांनी पाकिटावर भिंग धरून बाहेरूनच वाचायचा प्रयत्न केला. चाळीस वर्षं लोकांना चष्मे करून दिले, आणि आता स्वतःला अक्षर लागत नाही याचा त्यांना राग येतो. मी वाचून दाखवलं. "एवढीशी होती ना ती?" म्हणाले. मी म्हटलं, "हो, आणि आता अस्वलांचे डोळे उपटते." तर म्हणाले, "म्हणजे आपल्याच धंद्यात आली की."

मोठ्या टेबलाबद्दल मी काय सांगणार? मी तिथे वाढायला जाते, तेव्हा कानावर पडतं तेवढंच. कोणी वाक्य पुरं करत नाही. "त्या जागेचं मग काय..." असं एक जण म्हणतो आणि बाकीचे मान हलवतात. तूही हलव. दर दहा मिनिटांनी एकदा "बघू" म्हण. दुसऱ्यांदा हवं असेल तर माझ्याकडे नुसतं बघ, मी ओळखेन.

मला कंटाळा येईल का म्हणून विचारलंस, गुणाची ती. अग, मला सवय आहे. माझी आई गेली त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. तुझा बाप चौदाचा, शिवाय नातेवाइकांची चार कच्चीबच्ची. तुझा मोठा काका, आमचा दादा, म्हणाला, "एवढ्या वर्षी तू मुलांकडे बघ." मी बघितलं. पुढच्या वर्षी कोणी काही बोललं नाही, म्हणून मी तिथेच बसले. आता सत्तावन्न झाली. कोणी मुद्दाम नाही केलं हं. टपालात एखादं पार्सल राहून जातं तशी मी राहून गेले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, बोलावल्याशिवाय आत यायचं नाही. मी फार चांगली विद्यार्थिनी होते.

आणि लग्न झालं किंवा नोकरी लागली की वर जायचं, हा नियम तुला माहीतच आहे. दुकान मी चालवते खरं, पण दुकान घरचंच. दादा म्हणतो, ती काय नोकरी?

बाकी विशेष नाही. यंदा जेवण झाल्यावर दादा एक विषय काढणार आहे. बाबांना स्वतःकडे न्यायचं आणि दुकान बंद करायचं असं त्याच्या मनात आहे. दुकानातून वर घरात यायला बावीस पायऱ्या आहेत, त्यांचा त्याला धसका. माझीही सोय बघितलीय म्हणतो, शिवणाच्या मशीनच्या खोलीत. त्याच्या नातवंडांना सोबत होईल. ते सगळं मोठ्या टेबलावर ठरेलच.

केक साधा करू की चॉकलेटचा?

आत्या


१९ सप्टेंबर

आत्या,

केकचं नंतर. दुकान बंद करायचं, हे तू केकच्या वर दोन ओळी लिहितेस? जसं काही "उद्या पाणी येणार नाही" असं सांगावं.

तुला काय वाटतं ते कुठेच लिहिलेलं नाहीस. मी पत्र उलटंसुलटं करून बघितलं. तुला जायचंय का त्या शिवणाच्या खोलीत? मी ती बघितली आहे. तिच्यात मशीन आहे आणि मशीनच्या बाजूला उभं राहता येतं.

आणि आणखी एक गोष्ट. काल अस्वलं तपासताना मी मनात मोठं टेबल मांडत होते. आजोबा, मोठे काका, मोठी काकू, आई, बाबा, काकांचा मुलगा, त्याची बायको, काकूचे भाऊ. झाले आठ. नववी खुर्ची भिंतीकडे बसत नाही, कपाटाचं दार उघडत नाही म्हणून. मग माझी कुठली? काकूचे भाऊ येणार नाहीत का यंदा?

(हे पत्र मी अस्वलांच्याच टेबलावर लिहितेय, पेटीआड. विभागाच्या मुख्य बाईंना दिसलं तर माझेच डोळे निघतील.)

ठमी


२६ सप्टेंबर

प्रिय ठमे,

काकूचे भाऊ येणार आहेत. त्यांनी आजवर जेवण चुकवलेलं नाही.

तुला कळणारच होतं, म्हणून सांगते. खुर्ची बाबांची आहे. गेल्या वर्षी त्यांच्या हातून सूप सांडलं. दोनदा. एकदा वहिनींच्या, म्हणजे तुझ्या मोठ्या काकूच्या, साडीवर. तेव्हा वहिनींनी सुचवलं की यंदा बाबांना लहान टेबलावर बसवावं, तिथे मी असतेच, भरवायला वगैरे सोपं जाईल. दादाला पटलं. एक खुर्ची रिकामी राहणार म्हणून त्याला तुझी आठवण झाली. वाईट हेतू नाही कोणाचा. तू मोठी झालीसच, ते काही खोटं नाही.

बाबांना मी सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी थोडा वेळ हातातली फ्रेम पुसली आणि विचारलं, "तिकडे केक आधी मिळतो ना?" मी हो म्हटलं. "मग चालेल."

तुझा तो दुसरा प्रश्न. मला काय वाटतं, हा. अग, दुकानात माझ्याकडे रोज वीस माणसं येतात. त्यांना मी समोर बसवते, एकेक काच घालून विचारते, "आता बरं दिसतंय, की मघाशी दिसत होतं ते बरं?" दिवसभर हाच प्रश्न. मला तो कोणी विचारला तर मी गोंधळून जाते. सकाळी दुकानाचं शटर वर करताना जो आवाज होतो, तो मला आवडतो, एवढं सांगू शकते. त्याच्यावर दादाशी कसं भांडायचं?

तू आल्यावर काही बोलू नकोस. नव्या टेबलावर पहिल्याच दिवशी भांडण नको. केक चॉकलेटचाच करते.

आत्या

ता. क. कामावर पत्रं लिहू नकोस.


५ ऑक्टोबर

आत्या,

तुझा ता. क. उशिरा पोचला.

त्या दिवशी तुला पत्र लिहीत होते ना, तेव्हा पेटीतल्या दहा अस्वलांपैकी दोन मी बघितलीच नाहीत. आठ पास झाली म्हणून शिक्का मारला. पुढच्या पेटीचंही तसंच. आणि कुठल्या कुठल्या पेट्यांचं तसं केलं, ते आता मलाच आठवत नाही. परवा गोदामात सहज एका अस्वलाचा गाल ओढला, तर डोळा माझ्या हातात. बिचारं एका डोळ्याने माझ्याकडे बघत होतं.

दोन दिवस मी तो डोळा खिशात घेऊन फिरले. कोणालाच कळलं नसतं ग. पेट्या बंद, शिक्के मारलेले. एकदा वाटलं, आईला फोन करावा. मग लक्षात आलं, आई काय करणार? येऊन माझ्या बाईंना सांगणार, की आमची ठमी लहान आहे?

शेवटी बाईंकडे गेले आणि डोळा त्यांच्या टेबलावर ठेवला. आधी सांगितलं, मग रडले. उलट करायला हवं होतं, कारण रडत सांगितलं असतं तर त्यांना अर्धं समजलं नसतं. बाई म्हणाल्या, "रडायचं तर रडा, पण अस्वलांपासून लांब. ओली झाली तर वाळवावी लागतील." मग म्हणाल्या, "चार हजार आहेत. सगळी तपासायची. रविवारीसुद्धा. नोकरी राहिली, हे नशीब समजा." दाराशी गेले तेव्हा हाक मारून म्हणाल्या, "मीसुद्धा एकदा एक हजार भोवरे न तपासता सोडले होते. मी सांगितलं नव्हतं."

म्हणजे मी येत नाही. वाढदिवसाला, बारा तारखेला, इथे मी असेन आणि अस्वलं असतील.

खरं सांगू, तशीही आले नसते त्या खुर्चीवर बसायला. मी मोठी झाले म्हणून नाही, आजोबा लहान झाले म्हणून ती मिळतेय. सोबत मोठ्या काकांसाठी एक चिठ्ठी आहे. त्यांना दे. उघडून वाचू नकोस, किंवा वाच, पण दे नक्की.

ठमी


१६ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

चिठ्ठी मी उघडली नाही. दादाच्या ताटाखाली ठेवली. आता पुढचं क्रमाने सांगते, नाहीतर माझंच मला हसू आवरणार नाही.

सगळे आले, बसले. तुझ्या खुर्चीवर वहिनींनी पर्स ठेवली. इकडे आम्ही आठ, बाबांना धरून. दादाच्या नातीने, तीन वर्षांच्या बाईसाहेबांनी, बाबांच्या गळ्यात रुमाल बांधला आणि "सांडायचं नाही हं" अशी तंबी दिली. बाबांनी "बरं" म्हटलं.

सूप संपायच्या आत दादाचा चष्मा घसरायला लागला. दर वर्षीचंच आहे. वर्षभर तो ढिला चष्मा घालून फिरतो आणि वाढदिवसाला माझ्या हातात देतो. घरचं दुकान असताना दुसरीकडे कशाला जायचं? मी एप्रनच्या खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहून काडी आवळायला लागले.

तेवढ्यात त्याला चिठ्ठी सापडली. चष्म्याशिवाय त्याला पत्रिका आणि पोळपाट सारखेच दिसतात. "कोणाचं आहे? वाच ग." म्हणून मी वाचलं. उभ्याने, मोठ्याने, शाळेत धडा वाचायचे तशी. "मोठे काका, मला यंदा येता येत नाही. माझी खुर्ची आत्याला द्यावी. ती अडतीस वर्षं लहान आहे. आता पुरे. आजोबांबद्दल जे काही ठरवाल ते तिला विचारून ठरवावं, कारण रोज त्यांच्याबरोबर तीच असते."

ठमे, स्वतःच्याच तोंडाने स्वतःची वकिली करायची वेळ माझ्यावर तू आणलीस.

दादा म्हणाला, "असं लिहिलंय?"

मी म्हटलं, "हो."

"दाखव."

मी कागद पुढे केला. त्याने तो नाकाला लावला, लांब धरला, काही उपयोग नाही. चष्मा माझ्या हातात. वहिनी वाकून वाचत म्हणाल्या, "अहो, असंच लिहिलंय."

"बरं, बघू," दादा म्हणाला. "तू जरा मुलांकडे बघ ना, तिकडे गोंधळ चाललाय."

मी म्हटलं, "मुलांकडे बाबा बघतायत."

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबांनी सहाही पोरांना रांगेत उभं केलं होतं, प्रत्येकाने एक डोळा चमच्याने झाकलेला, आणि समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचून घेणं चाललं होतं. कोणाचं सूप सांडलेलं नव्हतं. बाबांचंसुद्धा. तुझ्या भावाला लांबचं कमी दिसतं असं निघालं. तुझी आई त्याला आजवर आळशी म्हणत होती.

मी पर्स उचलून वहिनींच्या हातात दिली आणि बसले. बसल्यावर कळलं की आता बोलायला लागणार. चष्मा मी तसाच हातात ठेवला. मी म्हटलं, "दादा, बाबा कुठे जाणार नाहीत. दुकान चालू राहील. मी शिवणाच्या खोलीत येणार नाही."

तो म्हणाला, "आणि पायऱ्यांवरून पडले म्हणजे?"

मी म्हटलं, "दुकानाच्या मागची फ्रेमांची खोली रिकामी करते. त्यांचा पलंग खाली आणायचा. सुतार सोमवारी माप घेऊन गेला."

"सोमवारी? मग सांगितलं का नाहीस?"

हे मात्र खरं. सुताराला बोलावलं तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. दाराचं माप घ्या म्हटलं, कशासाठी ते मनातसुद्धा बोलले नाही.

चष्मा काढला की दादा नऊ वर्षांचा दिसतो. नाकावर दोन लाल खुणा आणि डोळे किलकिले. त्या डोळ्यांनी माझ्या दिशेला बघत तो हळूच म्हणाला, "फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घेतो ग, मगच उचलतो. वाटतं, बाबा पडले." साठ वर्षांच्या या माणसाने हे आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. वहिनींना तर नाहीच, त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. मी चष्मा पुसून त्याच्या नाकावर बसवला. डोकं हलवून बघत म्हणाला, "आता नाही घसरत." आणि मग, "बरं. सहा महिने बघू."

काकूचे भाऊ म्हणाले, "म्हणजे ठरलं ना? केक आणा मग." ते असतात ते बरं असतं.

आत्या


२२ ऑक्टोबर

आत्या,

मी तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. (सुट्टीत, लक्षात घे.) चष्म्यापाशी आले तेव्हा इतकी हसले की शेजारणीने पाणी आणून दिलं. काकांच्या त्या फोनपाशी मात्र हसू थांबलं. मोठे काका घाबरतात, हे मला कोणी कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं, मोठ्या टेबलावर बसलं की भीती जाते.

दोन हजार सातशे अस्वलं झाली. आतापर्यंत नऊ डोळे निघाले. प्रत्येक डोळा मी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवते. त्यांनी त्यासाठी एक बशी ठेवली आहे.

एकच राहिलं. आजोबा काय म्हणाले?

ठमी


३० ऑक्टोबर

प्रिय ठमे,

तुझ्या त्या शेवटच्या ओळीचं उत्तर लिहायला मी पत्र हाती पडलं त्याच संध्याकाळी बसले होते. पेन उघडलं आणि तसंच बंद केलं. बाबा काय म्हणाले, ते मला माहीत नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं.

मी इतक्या ऐटीत सांगितलं ना, "बाबा कुठे जाणार नाहीत"? दादाने त्यांना न विचारता न्यायचं ठरवलं होतं, मी न विचारता ठेवून घेतलं. फरक एवढाच की माझ्या हातात चष्मा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला इथे राहायचंय, की दादाकडे जायचंय?"

"ठरलं ना तुमचं?" म्हणाले.

"आमचं ठरलं. तुमचं विचारतेय."

समोर अक्षरांचा तक्ता आहे ना, त्याच्याकडे बाबा बघत राहिले. सगळ्यात वरचं एकच अक्षर त्यांना दिसतं. मग म्हणाले, "त्याच्याकडे बाग आहे. खाली बाक आहे बसायला. मला तिथे जाऊन बसावंसं वाटतं."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही. मोठी माणसं बोलत होती." आणि माझा चेहरा त्यांना दिसत नसला तरी कळला असावा, कारण लगेच म्हणाले, "अग, कायमचं नाही. पंधरा दिवस. फार तर वीस. पाहुणा म्हणून जायचं होतं मला. तो सामान म्हणून न्यायला निघाला होता. दुकान तू बघतेसच, त्यात मी काय बोलायचं?"

दादाला फोन केला. तो आधी गोंधळला. "मग त्या दिवशी भांडलीस कशाला?" मी म्हटलं, "त्या दिवशी तू नेत होतास. आता ते येतायत." त्याला हे कळलं की नाही, देव जाणे, पण शनिवारी गाडी घेऊन हजर झाला. बाबा पुढच्या सीटवर बसले. जाताना त्याला सांगत होते, "सावकाश चालव. तुझा नंबर वाढलाय."

गाडी वळेपर्यंत मी हात हलवला आणि वर आले. ठमे, सत्तावन्न वर्षांत मी या घरात कधी एकटी राहिलेली नाही. पहिल्या दिवशी सवयीने दोघांचा स्वयंपाक केला. जेवताना समोर पुस्तक उघडून ठेवलं. लहानपणापासून याच्यावर बंदी होती. एक पान वाचलं आणि तीनदा दाराकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी एकदाच बघितलं. तिसऱ्या दिवशी पुस्तकावर आमटीचा डाग पडला, तो मी पुसला नाही.

काल दुकानावर पाटी लावली, "रविवार, सोमवार बंद". गिऱ्हाइकं विचारत होती, बरं नाही का? मी म्हटलं, छान आहे. मग स्टेशनवर जाऊन तुझ्या गावचं तिकीट काढलं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "किती जणं?" मी म्हटलं, "एक." घरी येऊन बॅग भरली. तुझ्यासाठी केक बांधून घेतला, बाईंसाठी एक तुकडा वेगळा. कपाटातून छत्री काढली, परत ठेवली, परत काढली.

मग बॅगेवर बसून चेन लावताना लक्षात आलं, की या सगळ्यात तुला विचारायचं राहूनच गेलं.

येऊ का?

आत्या